शाळेत तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, पुढे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून एक दिवस असा येतो की परिपाठ लवकर आटोपतो, मुलं वर्गावर्गाने रांगेत उभी राहतात आणि व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो. ‘आरबीएसके’ची गाडी आलेली असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कुणी घेत नाही. मुलांच्या लेखी ‘डॉक्टर आलेत’ आणि गुरुजींच्या लेखी ‘आज पथक आहे’. दुपारपर्यंत उंची, वजन, डोळे, दात, कान, त्वचा सगळं बघून होतं. चार-दोन मुलांच्या हातात चिठ्ठ्या पडतात. फोटो निघतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि शाळा पुन्हा नवाच्या पाढ्याकडे वळते.

शाळेतल्या आरोग्याचा प्रश्न खरं तर त्या चिठ्ठीपासून सुरू होतो. योजना आपल्याकडे कमी नाहीत. मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरणार नाहीत. अडतं ते एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचताना. आणि या प्रत्येक टप्प्यावर एकच माणूस उभा दिसतो: वर्गशिक्षक. म्हणून मुलांचं आरोग्य आणि शिक्षकांचं आरोग्य हे दोन वेगळे विषय मानून चालत नाही. तपासणी, गोळी, खिचडी, घसा आणि मन अशा क्रमाने हे सगळं समजून घेऊ.

आधी पथकाविषयी. हा कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. एका पथकात साधारणपणे दोन आयुष डॉक्टर असतात, एक पुरुष आणि एक स्त्री; सोबत एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यांच्या कक्षेत येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जायचं, शाळेत एकदा. शोधायचं काय, तर चार गोष्टी: जन्मतः असलेले दोष, पोषणातली कमतरता, बालपणातले आजार आणि वाढीत पडणारा उशीर किंवा अपंगत्व. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाला छिद्र, तिरळेपणा, फिट येणं, दमा, किडलेले दात, वाहता कान असे तीसेक प्रकार त्यांच्या यादीत आहेत. शाळा मात्र सरकारी किंवा अनुदानित असावी लागते. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलाकडे ही गाडी वळत नाही. तिथे पालक आणि शाळा यांनीच काय ते बघायचं.

कल्पना नवी नाही. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात पहिल्यांदा झाली ती 1909 साली, बडोदा शहरात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी नुकतंच लागू केलं होतं. मुलं सक्तीने शाळेत आणली की ती धडधाकट आहेत की नाहीत हे बघणं ओघानेच आलं. पण त्यानंतर देशभर हे लोण पसरलं म्हणावं तर तसंही नाही. 1946 मध्ये देशातल्या आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला तेव्हा शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही असं तिला दिसलं.

आता चिठ्ठी. पथक करतं ती तपासणी म्हणजे निदान नव्हे, हे आधी नीट समजायला हवं. शंभर मुलांतून ‘यांच्याकडे जरा नीट बघायला हवं’ अशी पाच-सात मुलं वेगळी काढायची, एवढंच त्या दिवसाचं काम. पुढचं काम प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय असं वरवर जात राहतं. कागदावर याला ‘संदर्भ सेवा’ म्हणतात. ही साखळी शेवटपर्यंत गेली तर काय घडतं याची उदाहरणं गावोगाव आहेत. हृदयाची लाख-दोन लाखांची शस्त्रक्रिया एक पैसाही न भरता झालेली मुलं आज शाळेच्या मैदानावर पळताना दिसतील.

पण शस्त्रक्रिया फुकट असली तरी एसटीचं भाडं फुकट नसतं, आणि बुडालेली मजुरी तर कुणीच भरून देत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तालुक्याला जायचं म्हणजे आईच्या एका दिवसाच्या रोजावर पाणी. तिथे गेल्यावर कळतं की डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात. मग दुसरी फेरी. चष्म्याचा नंबर काढून झाला की चष्मा यायला आणखी काही आठवडे. यातल्या कुठल्याही वळणावर चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाऊन बसते. आईबाप बेफिकीर असतात म्हणून असं होतं असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की हीच माणसं मूल तापाने फणफणलं तर रात्री बारा वाजता उसनवारी करून दवाखाना गाठतात. ज्या दुखण्याला ताप नाही, रडारड नाही, ते थांबू शकतं असं त्यांना वाटतं.

आणि शाळेतली बरीचशी दुखणी नेमकी तशीच असतात. डोळ्यांचंच बघा. ज्या मुलाला लांबचं अंधुक दिसतं ते कधीच ‘मला दिसत नाही’ असं सांगत नाही, कारण जग असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, डोळे बारीक करतं, हळूहळू मागच्या बाकावरून मस्ती करायला लागतं. त्याचा नंबर काढायची पहिली पायरी अगदी साधी आहे. सहा मीटर अंतर मोजायचं, भिंतीवर तक्ता लावायचा, एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने वाचायला लावायचं. हे कुठल्याही शिक्षकाला करता येतं. खेड्यात तर आणखी एक फुकटचा उपाय हाताशी आहे. दिवसाच्या उजेडात, घराबाहेर काढलेला वेळ मुलांना लांबच्या चष्म्यापासून वाचवतो, हे आता पुरेसं सिद्ध झालंय. तैवानने 2010 पासून शाळांमध्ये मुलांना रोज दोन तास उघड्यावर न्यायचा कार्यक्रमच हाती घेतला. आपल्याकडे मात्र परीक्षा जवळ आली की पहिला बळी जातो तो खेळाच्या तासाचा.

कानाचं दुखणं याहून फसवं. पावसाळ्यात सर्दी होते, कान ठणकतो, फुटतो, वाहायला लागतो आणि मग ठणका थांबतो. ठणका थांबला की घरात सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. कुणी तेल सोडतं, कुणी कापसाचा बोळा घालतं. आत पडद्याला भोक पडलेलं असतं आणि ऐकू येणं कमी झालेलं असतं. दुसरीतल्या मुलीला ‘ट’ आणि ‘ठ’ सारखेच ऐकू येत असतील तर तिचं श्रुतलेखन चुकणारच. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: ‘लक्ष कमी आहे’. असा शेरा लिहिण्याआधी मुलीच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात तिचं नाव घेऊन बघावं. तिने मान वळवली नाही तर तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. वाहत्या कानात तेल किंवा कुठलेही घरगुती थेंब सोडायचे नाहीत, पाणी जाऊ द्यायचं नाही, हे तर पालकसभेत दर जूनला सांगण्यासारखं आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे रक्त. ‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की त्यात कुणाला काही गंभीर वाटत नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59.1 टक्के आणि मुलांपैकी 31.1 टक्के ॲनिमियाग्रस्त निघाले. म्हणजे नववी-दहावीच्या वर्गात दहा मुली असतील तर त्यातल्या सहा. हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ, आणि तो बनायला लोह लागतं. 12 वर्षांवरच्या मुलीत ते 12 ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. पण हिमोग्लोबिन घसरण्याआधीच शरीरातला लोहाचा साठा रिता होत आलेला असतो. म्हणून मुलगी आजारी दिसत नाही. नुसती दमते, चिडते, दुपारच्या तासाला पेंगते.

यासाठी आठवड्याची गोळी आहे. 10 ते 19 वयाला निळी, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. 5 ते 10 वयाला गुलाबी, तिच्यात 45 आणि 400. गरोदर बायकांना लाल गोळी मिळते. तीच शाळेतल्या पोरींना दिली तर घरी नको त्या शंका निघतील, म्हणून रंग वेगळा ठेवला हे बरं केलं. बहुतेक ठिकाणी सोमवार ठरलेला असतो आणि गोळी शिक्षकांच्या समोर गिळायची असते. गोळ्या घरी दिल्या तर फडताळात राहतात, हा अनुभव त्यामागे आहे. आठवड्यातून एकच का, याचं उत्तर असं की ही गोळी उपचारासाठी नाही, साठा टिकवण्यासाठी आहे. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं तिला डॉक्टरांच्या सल्ल्याने काही महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. ‘शाळेत देतात की’ म्हणून तिथे थांबून चालत नाही.

गोळीचा दिवस म्हणजे शिक्षकांच्या पोटात गोळा. एका मुलीला मळमळलं की दुसरीला होतं, मग तिसरीला, आणि तासाभरात अख्खी रांग आरोग्य केंद्रात. यातलं बरंचसं टळण्यासारखं असतं. रिकाम्या पोटी लोह जठराला झोंबतं, म्हणून गोळी खिचडीनंतरच द्यायची. शौच काळी होते हे आधीच सांगून ठेवायचं. ते लोहाचंच असतं, घाबरण्यासारखं नसतं. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहातले घटक लोहाला धरून ठेवतात. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते अंगी लागतं. आणि शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः एक गोळी घेतली तर निम्मी भीती तिथेच जाते. मार्गदर्शक सूचनांतही हे आहे, आणि मला त्यातलं हेच कलम सर्वांत शहाणपणाचं वाटतं. ॲनिमिया काही पोरींनाच होतो असं नाही. शिकवणाऱ्या बाईंनाही तो असू शकतो. जंतांचं औषध, म्हणजे 400 मिलिग्रॅमची अल्बेन्डाझोल, हे याच गणिताचा भाग. पोटात जंत असतील तर वरून घातलेलं लोह वाया जातं.

विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात एक काळजी वेगळी घ्यावी लागते. तिथे फिकट, दमलेल्या, सांधे दुखतात म्हणणाऱ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असण्याची शक्यता असते. तिथे लोहाच्या गोळीने काम भागत नाही. रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकाला त्या मुलाचं नाव माहीत असावं लागतं, कारण त्याला थंडीत कुडकुडू देणं किंवा तहानलेलं ठेवणं हेसुद्धा दुखण्याला आमंत्रण ठरतं.

खिचडीबद्दल फार लिहायची गरज नाही. प्रत्येकाचं त्यावर मत असतंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि घरी तांदूळ वाटण्याची पद्धत मागे पडली. एक गोष्ट मात्र अधोरेखित करायला हवी: चव. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि तशी नोंद करायची असा नियम आहे. चव रजिस्टर हे अनेक शाळांत सह्यांचं रजिस्टर झालंय, आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम. 16 जुलै 2013 ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन 23 मुलं गेली. त्या दिवशी भाजीची चव विचित्र आहे अशी मुलांनी तक्रार केली होती. हे आठवलं की ती एक सही किती जड आहे हे कळतं. आणि चुलीपाशी दोन-तीन तास उभं राहून हे सगळं शिजवणाऱ्या स्वयंपाकी ताई व मदतनीस यांचं काय? ज्या शाळेत गॅस संपला की लाकडावर येतात तिथे धूर त्यांच्याच छातीत जातो. शाळेच्या मनुष्यबळात त्यांना कुणी धरत नाही, मानधनाच्या यादीत तेवढ्या असतात.

आता शिक्षक. आरबीएसकेची गाडी त्यांच्यासाठी नसते. शाळेत येणारा डॉक्टर दिवसभर मुलं तपासतो आणि शेजारी उभे असलेले सर बसलेल्या आवाजात नावं पुकारत असतात, हे दृश्य कुठेही बघायला मिळेल.

आवाज हे शिक्षकाचं हत्यार आणि तेच सर्वांत आधी बोथट होतं. गळ्यात दोन छोटे स्वरतंतू असतात. आपण बोलतो तेव्हा ते एकमेकांवर आपटत असतात. पुरुषाच्या आवाजात सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा, बाईच्या आवाजात दोनशेच्या आसपास. दिवसाला पाच-सहा तास शिकवायचं म्हणजे किती वेळा, त्याचा गुणाकार तुम्हीच करा. बायकांमध्ये त्रास जास्त का दिसतो, याचं एक कारण इथेच आहे. त्यात आवाज चढवला की आपटणंही जोराने होतं. वारंवार आपटून तिथे सूज येते, पुढे कातडीला घट्टे पडावेत तशा बारीक गाठी होतात आणि आवाज घोगरा, फाटका, मधेच जाणारा होतो. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत सुमारे अडीच हजार लोकांचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक 57.7 टक्के निघाले, आणि इतर व्यवसायांतले 28.8 टक्के. जवळपास दुप्पट. तिथल्या वर्गखोल्या बंदिस्त आणि शांत. आपल्याकडे एकाच हॉलमध्ये पहिली आणि तिसरी भरते, बाहेर डांबरी रस्ता, वर पत्रा.

पत्रा फार महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे रिकाम्या वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा, आणि मुलांना नीट ऐकू यायचं तर शिकवणाऱ्याचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबल वरचा हवा. कोकणात जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हे शक्यच नाही. बाई ओरडतात, तरी मागच्या बाकावर ऐकू जात नाही, म्हणून आणखी ओरडतात. अशा दिवशी शहाणे शिक्षक सरळ लेखन, चित्र, गटात वाचन असलं काही काढतात. छताला आतून साधं तक्त्यांचं आच्छादन बसवलं तरी फरक पडतो, आणि इमारत दुरुस्तीच्या मागणीत ते लिहिता येतं; पण मी आजवर ते ‘आरोग्य’ या मथळ्याखाली मागितलेलं पाहिलेलं नाही.

घशासाठी करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसा लागत नाही. वर्गात पाण्याची बाटली टेबलावर ठेवून घोट घोट पीत राहायचं. सारखं खाकरायचं नाही. खाकरताना स्वरतंतू जोराने घासतात. घसा बसला की कुजबुजत बोलायचं हा आपला उपाय उलटा पडतो, कुजबुजण्यानेही ताण येतो. त्यापेक्षा गप्प बसावं. वर्ग शांत करायला ‘ए गप्प!’ ऐवजी टाळीचा ठेका किंवा घंटी वापरावी. आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर ज्येष्ठमध चघळत न राहता नाक-कान-घसा तज्ज्ञाला दाखवावं.

पाणी पीत राहायचं म्हटलं की एक जुनं गाऱ्हाणं वर येतं. शाळेत वापरण्यासारखं स्वच्छतागृह नसेल तर बाई आणि मोठ्या वर्गातल्या मुली पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत जाईपर्यंत थेंबभरही नाही. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी, घसा कोरडा. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक आहेत आणि बहुतेक शाळांत ती बांधलेलीही आहेत. प्रश्न दाराच्या कडीचा, नळाला पाणी असण्याचा आणि ती रोज धुणार कोण याचा आहे. मासिक पाळीच्या दिवसांत वर्गातल्या गैरहजेरीचा संबंध बहुतेकदा त्या कडीशीच असतो. महाराष्ट्राने 8 मार्च 2018 ला अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगलीच गोष्ट, पण वापरलेला पॅड टाकायला डबा नसेल तर मुलगी त्या दिवशी घरीच राहणार.

शरीराच्या पलीकडचा थकवा वेळेचा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं सोडून शिक्षकांना शिक्षणेतर कामाला लावायचं नाही. आता या तीन दारांतून किती काय आत येतं हे मतदार यादीचं काम सांभाळणाऱ्या कुठल्याही बीएलओ गुरुजींना विचारा. त्यावर ऑनलाइन माहिती: यू-डायस, सरल, आहाराची रोजची नोंद, अमक्या अभियानाचे फोटो, तमक्या शपथेची लिंक. ‘आज दुपारी चारपर्यंत, अतितातडीचे’ असा निरोप साडेतीनला येतो. प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा निकष. म्हणजे चार-पाच इयत्ता, दोन माणसं, आणि त्यातला एक मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळणारा. तो बैठकीला गेला की शाळा एकशिक्षकी. अशा माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्याने त्या चष्म्याच्या चिठ्ठीचं पुढे काय झालं म्हणून फोन करावा. तो करतोही, पुष्कळदा. पण ते त्याच्या भलेपणावर चालतं, व्यवस्थेवर नाही. स्वतः आजारी पडला तर आधी खिशातून खर्च, मग वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल, मग त्रुटी, मग पुन्हा बिल. विनाअनुदानावर वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांचं तर बिलापर्यंतही जात नाही.

मनाच्या आरोग्याचं ओझंही याच खांद्यावर आलंय. 2020 मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम आला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून नेमायचे आणि त्यांनी भावनिक आरोग्य, नातेसंबंध, व्यसन, पोषण, इंटरनेटचा सुरक्षित वापर अशा 11 विषयांवर मुलांशी बोलायचं. हेतू उत्तम. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळांचा पट शंभरला पोहोचतो? लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं असं निकालात आहे. व्यवहारात तिथे समुपदेशक म्हणजे बाई आणि त्यांच्या हातातला फोन.

म्हणून बाईंचं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे स्पष्ट असायला हवं. उपचार करणं हे त्यांचं काम नाही. बदल टिपणं हे आहे: बडबडा मुलगा गप्प झाला, डबा तसाच परत जातोय, वहीत काहीतरी खोडून ठेवलंय, मैदानावर कुणाशी खेळत नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकतोय. मग एकांतात, पण दार उघडं ठेवून, साधं विचारायचं: ‘काय रे, हल्ली बरं वाटत नाही का?’ उत्तर आलं की उपदेश करायचा नाही, ऐकायचं. जीव द्यावासा वाटतो का असं सरळ विचारलं तर ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. उलट विचारल्याने मोकळं वाटतं. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. घरच्यांना विश्वासात घ्यायचं, मुलाला एकटं सोडायचं नाही आणि 14416 वर फोन लावायचा. ही टेली-मानस सेवा 2022 पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर शिक्षकांसाठीही आहे, हे शिक्षकांच्याच लक्षात राहत नाही. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात तर तो फळ्यावर लिहूनच ठेवावा, आणि त्याच्याच खाली हेही: जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. 2015 पासून ती सोय झाली आणि नापासाचं वर्ष वाया जाणं थांबलं. तरी निकालाच्या दिवशी हे कुणी मोठ्याने सांगत नाही.

एक जागा अशी आहे की तिथे शिक्षकाच्या मर्जीवर काही सोडलेलंच नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहितीच काय, रास्त शंका जरी असली तरी पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘शाळेची बदनामी होईल’, ‘आधी आपण चौकशी करू’ हे शब्द कायद्याच्या कानाला ऐकू जात नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांची आठवण सगळ्यांना झाली. त्या नेमायचा शासन निर्णय त्याआधीच, मार्च 2022 मध्ये निघाला होता. मुलाला स्वतःला फोन करायचा असेल तर 1098.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नको, आणि चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, हेही शासन निर्णय आहेत, अनुक्रमे 2015 आणि 2024 चे. दोन्ही चांगले. दुसऱ्याने मुलांबरोबर बाईंचीही अर्धा तास झोप वाढली असेल, जर त्या वेळात माहिती भरायचा निरोप आला नसेल तर.

मग गावाने काय करावं? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक ठेवलेत, आणि निम्म्या स्त्रिया. या समितीच्या बैठकीत चहा आणि सह्या यांच्या मध्ये एक वही मांडता येते. पथकाने ज्या मुलांना चिठ्ठी दिली त्यांची नावं डावीकडे. पुढे चार रकाने: कुठे पाठवलं, कोण घेऊन गेलं, काय झालं, पुढची तारीख. मुलांच्या दुखण्यांची ही वही आहे, म्हणून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी आणि तिची चर्चा पारावर होऊ नये. ज्या आईला मजुरी बुडवून जाता येत नाही तिच्या मुलाला आशाताई किंवा समितीतल्या दुसऱ्या कुणाच्या सोबतीने, आईच्या संमतीने पाठवता येतं. तीन मुलं एकाच गुरुवारी गेली तर एक रिक्षा पुरते आणि तिचा खर्च ग्रामपंचायतीकडे मागता येतो. गावाच्या विकास आराखड्यात आरोग्य आणि शिक्षण हे दोन्ही विषय असतातच. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर शाळेतल्या मोठ्या माणसांची नावं असावीत: शिक्षक, स्वयंपाकी ताई, मदतनीस, सेवक. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन. प्राथमिक आरोग्य केंद्र हे कुणालाही करून देतं. फक्त मुख्याध्यापकांनी पत्र देऊन दिवस ठरवायला हवा. बुधवार बरा, कारण सोमवारी गोळीची गडबड असते.